शिडाची होडी कलंडते का?

प्रश्न : सातवीच्या मुलांनी थर्माकोलच्या शिडाच्या होड्या केल्या. टबासमोर पंखा लावला की त्या आडव्या होतात, नाहीतर बाजूला सरकतात. काय चुकतं?
— एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : होडीला तळपाती, म्हणजे तळाखाली लांबीच्या दिशेने पाण्यात उभी राहणारी पट्टी, नाही. 20 सेंमी लांब, 8 सेंमी रुंद होडीला जुन्या प्लास्टिक फाइलची 6 सेंमी रुंद, 8 सेंमी खोल पट्टी मधोमध उभी खोचा आणि खालच्या टोकाला दोन-तीन लोखंडी नट तारेने बांधा. वजन खाली गेलं की होडी सावरते. पाती पाण्याला अडते, म्हणून बाजूला सरकणं कमी होतं. तेच नट होडीच्या पाठीवर ठेवून बघा, आणखी लवकर कलंडेल. हा प्रयोग मुलांना नक्की करू द्या, समज इथेच येते.

टबात पाणी किमान 12 सेंमी हवं. झटपट चिकटणारा गोंद नको, त्याने थर्माकोल विरघळतो, फेव्हिकॉल चालेल. वारा नेमका समोरून असेल तर कोणतीच शिडाची होडी पुढे जात नाही, पंखा बाजूने लावा.

सिद्धेश्वर तलावावर नेणार असाल तर प्रत्येक होडीला दोरी बांधा. थर्माकोलचा चुरा पाण्यात राहिला तर मासे तो खातात.