‘परिदृश्यांवरील अनुमान’?

प्रश्न असा आहे: कोसोव्होच्या युद्धावरच्या लेखाचं भाषांतर करताना ‘पोलिटिकल सिनारिओज’बद्दलच्या ‘स्पेक्युलेशन’ला ‘राजकीय परिदृश्यांवरील अनुमान’ म्हटलं तर चालेल का?

‘परिदृश्य’ आधी काढा. मराठी कानाला तो डोंगर-नदीचा देखावा वाटतो, ‘शक्यता’ पुरे. ‘अनुमान’ शब्द चांगला, पण इथे फार भक्कम. डोंगरावर धूर दिसतो, म्हणजे तिथे आग आहे, हे न्यायशास्त्रातलं अनुमान. स्पेक्युलेशनमध्ये धूरच धड दिसत नसतो.

मग उरतात अटकळ, कयास, आडाखा, तर्क, भाकीत. यांतला फरक मला क्रियापदांवरून उमगला. अटकळ, कयास, आडाखे बांधतात, तर्क लढवतात, भाकीत करतात किंवा वर्तवतात, ते कुणी बांधत नाही. बांधायचं तर हाताशी थोडंफार सामान लागतं.

आडाखा आणि अटकळ मात्र एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात, ते मला खटकतं. 24 मार्च 1999 ला नाटोने युगोस्लाव्हियावर बॉम्बफेक सुरू केली; कोसोव्हो तेव्हा त्यातल्या सर्बियाचा प्रांत होता. युगोस्लाव्हियाचा अध्यक्ष मिलोशेविच काही दिवसांत नमेल, हे त्यांनी धरलं होतं. हा आडाखा, कारण त्याच्या भरवशावर विमानं उडाली. तो चुकला, 78 दिवस लागले. दरम्यान नाटो जमिनीवरून सैन्य घुसवणार का, यावर बाहेरून लिहिणारे वार्ताहर बांधत होते ती अटकळ. त्यांची चुकली तरी कुणाचं काही बिघडणार नव्हतं. आणि मिलोशेविच शेवटी का नमला? बॉम्बमुळे, पायदळाच्या धास्तीने, की रशियाचे दूत चेर्नोमिर्दिन आणि फिनलंडचे अध्यक्ष अहतिसारी बेलग्रेडला आल्यावर रशिया पाठीशी नाही हे कळलं म्हणून? यावर आजही तर्क लढवले जातात.

‘फॉरेन इंटरव्हेन्शन’ला ‘परकीय हस्तक्षेप’ ठीक. ‘ढवळाढवळ’ लिहिलंत की तुम्ही निकालच दिलात. सुरक्षा परिषदेची परवानगी नव्हती, त्यामुळे तो शब्द कुणी वापरला तर नवल नाही; सर्बियात तर सरळ ‘आक्रमण’ म्हणतात. पण मूळ लेखकाचं मत तसं असेल तरच वापरा.

वाक्य मी असं लिहीन: ‘कोसोव्होत पुढे काय होणार आणि बाहेरचे देश त्यात कितपत हात घालणार, याच्या अटकळी बांधल्या जात होत्या.’