वाचकांचे प्रश्न : बॉयलर विझल्यावर चाक कोण फिरवणार?

कोळशाची वीज बंद करण्याबद्दल मागच्या अंकात मी दोन परिच्छेद लिहिले, त्यावर 22 पत्रं आली. निम्म्यांत मला कोळशाचा वकील ठरवलंय, निम्म्यांत कोळशाचा वैरी. 31 वर्षं मी कोळशाच्या संचासमोर (बॉयलर, त्याच्या वाफेवर फिरणारी टर्बाइन आणि जनरेटर मिळून एक संच) पाळ्या केल्या, छातीत थोडी राखही साठली असेल. तेव्हा दोन्ही पदव्या ठेवून घेतो. चार प्रश्न निवडलेत. पहिल्यालाच जागा जास्त लागेल, कारण उरलेल्या तिघांची उत्तरं त्याच्याच पोटात आहेत.

प्रश्न : 500 मेगावॅटचा कोळशाचा संच वर्षभरात जितकी युनिटं देतो, तितकी देईल एवढी सौर आणि पवन यंत्रणा उभारली, की हिशेब जुळला. मग ग्रिड डळमळेल ही भीती कशाला?

युनिटांचा हिशेब जुळतो, मान्य. पण तो वर्षाचा झाला. ग्रिडचा, म्हणजे सगळी केंद्रं आणि ग्राहक जोडणाऱ्या विजेच्या जाळ्याचा, हिशेब क्षणाक्षणाला चुकता करावा लागतो, तिथे उधारी नाही.

माझ्या पाळीतली एक रात्र सांगतो. पावणेतीनला बॉयलरला पाणी देणारा फीड पंप गेला, बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची पातळी घसरली आणि संच ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला. लगेच जादा वाफ बाहेर सोडणारे सेफ्टी व्हॉल्व्ह उडाले. शेजारी उभा असलेला माणूस कानाशी ओरडला तरी ऐकू येत नाही, असा तो आवाज असतो. काही मिनिटांनी ते बसले आणि मग खालून टर्बाइनचा सूर ऐकू यायला लागला, हळूहळू उतरत जाणारा. वाफ तुटलेली, जनरेटरला ग्रिडपासून तोडणारा ब्रेकर उघडलेला, तरी शाफ्ट, म्हणजे टर्बाइन-जनरेटरचा दांडा, फिरतोय. मिनिटाला 3000 फेऱ्यांवरून बॅरिंग गिअरवर यायला त्याला पाऊण तास लागला. (गरम शाफ्ट एका जागी उभा राहिला तर आपल्याच वजनाने वाकतो, म्हणून त्याला सावकाश फिरवत ठेवतात, ते काम बॅरिंग गिअरचं.) नवीनच लागलेला एक मुलगा शेजारी होता. म्हणाला, "साहेब, हा आता कशावर चालतोय?"

प्रश्न वरवर भाबडा, पण कोळसा बंद करायला निघालेल्या प्रत्येकाने तो विचारायला हवा. तो शाफ्ट चालत होता स्वतःच्या वजनात साठलेल्या गतीवर. 50 हर्ट्झच्या ग्रिडवर असे सगळे शाफ्ट एकाच तालात बांधलेले असतात. कुठेतरी एक मोठा संच पडला तरी लोकांचे पंखे आणि पंप चालूच राहतात. मग पहिल्या काही सेकंदांची ती तूट भरून निघते या फिरत्या लोखंडातून. सगळी यंत्रं किंचित मंदावतात, फ्रिक्वेन्सी, म्हणजे हाच ताल, 50 हर्ट्झच्या खाली सरकते, पण सरकायला वेळ घेते. तेवढ्यात बाकीच्या संचांचे वेग सांभाळणारे गव्हर्नर झडपा उघडून वाफ वाढवतात. शिलाई मशीनच्या पायट्यावरून पाय काढला तरी सुई आणखी चार टाके घालते, तसंच. ते चार टाकेच ग्रिडला वाचवतात.

सौर पॅनेलमध्ये फिरणारं काही नसतं. पवनचक्कीचं पातं फिरतं, पण आजच्या बहुतेक चक्क्या इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टरमधून ग्रिडला जोडलेल्या असतात, त्यामुळे त्या पात्याचं वजन ग्रिडला आपसूक मिळत नाही. कोळशाच्या केंद्राने या वजनाचं वेगळं बिल कधी लावलं नाही. ते विजेच्या मागे फुकट यायचं, म्हणून कुणी मोजलंही नाही. अशाच फुकटच्या आणखी दोन गोष्टी: व्होल्टेज सांभाळणारी रिॲक्टिव्ह पॉवर, आणि लाइनवर दोष (शॉर्टसर्किट) आला की तिथे भरपूर करंट ओतण्याची ताकद, जिच्यामुळे लाइन तोडायला लावणाऱ्या संरक्षक रिलेला दोष ओळखता येतो. संच बंद केला की मेगावॅटबरोबर हे सगळं जातं. तुमच्या हिशेबात फक्त मेगावॅट आहेत.

बरं, हे वजन मिळवायला कोळसाच जाळला पाहिजे असं काही नाही. आयर्लंडमधल्या मनीपॉइंट केंद्राने जून 2025 मध्ये कोळसा थांबवला. त्याआधीच त्या आवारात एक सिंक्रोनस कंडेन्सर बसवून झाला होता आणि त्याला 130 टनांचं चाक जोडलं होतं. तो वीज तयार करत नाही. ग्रिडमधूनच थोडीशी वीज घेऊन फिरत राहतो आणि वजन व व्होल्टेज पुरवतो. जर्मनीत बिब्लिसच्या बंद पडलेल्या अणुकेंद्राचा जनरेटर 2012 मध्ये टर्बाइनपासून सोडवून अशाच कामाला लावला होता. जुना जनरेटर धड असेल तर भंगारात काढण्याआधी हा विचार व्हावा. मला तरी संच बंद करण्याची ही सर्वांत शहाणी रीत वाटते, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं, कारण फीत कापण्याजोगं तिच्यात काही नाही.

हे जमतं का? ब्रिटनला जमलं. लंडनमध्ये होलबर्न व्हायाडक्टला 1882 मध्ये कोळशावरचं सार्वजनिक वीजकेंद्र सुरू झालं आणि 30 सप्टेंबर 2024 ला रॅटक्लिफचं शेवटचं केंद्र विझलं. 2012 मध्ये त्यांची सुमारे 40 टक्के वीज कोळशाची होती, म्हणजे 12 वर्षांत शून्यावर. मात्र त्यांच्या हाताशी गॅसची केंद्रं होती आणि शेजारी देशांकडून समुद्राखालून आलेल्या केबल होत्या, हेही सांगायला हवं. ज्यांच्याकडे हे दोन्ही नाही, त्यांनी ब्रिटनचं वेळापत्रक उचलून आपल्या भिंतीवर टांगू नये.

प्रश्न : स्पेनमध्ये भर दुपारी सगळा देश अंधारात गेला. ते सौरऊर्जेमुळेच झालं ना?

28 एप्रिल 2025, दुपारी साडेबारा वाजून गेले होते. स्पेन आणि पोर्तुगाल दोन्ही गेले. सौर वीज भरपूर होती हे खरं. पण घात केला वाढत्या व्होल्टेजने. व्होल्टेज चढलं, म्हणून काही केंद्रं स्वतःला वाचवायला ग्रिडपासून सुटली. ती सुटल्यामुळे ते आणखी चढलं, आणि आणखी सुटली. फ्रिक्वेन्सी नंतर कोसळली. व्होल्टेज खाली ओढायची जबाबदारी ज्या पारंपरिक केंद्रांवर होती त्यांनी पुरेसं ओढलं नाही. सौर-पवनवाल्यांवर तर ते काम सोपवलेलंच नव्हतं. त्यांचा पॉवर फॅक्टर (रिॲक्टिव्ह पॉवर किती द्यायची-घ्यायची ते ठरवणारं प्रमाण) एकाच आकड्यावर बांधून ठेवला होता. सौर वीज ग्रिडजोगी करणाऱ्या इन्व्हर्टरला व्होल्टेज सांभाळता येतं आणि तेही चपळाईने. ज्याला काम सांगितलंच नाही, त्याने ते केलं नाही म्हणून बोल कसा लावायचा?

आणि "कोळसा असता तर हे झालं नसतं" असं लिहिणाऱ्यांना 30 आणि 31 जुलै 2012 आठवत असेल. भारताचं उत्तर ग्रिड पहिल्या दिवशी पडलं, दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्येलाही घेऊन पडलं. बहुतेक वीज कोळशाचीच होती.

प्रश्न : मोठाल्या बॅटऱ्या बसवल्या की प्रश्न मिटला, असं नाही का?

अर्धा मिटतो. दक्षिण ऑस्ट्रेलियाने आपला शेवटचा कोळशाचा संच मे 2016 मध्ये बंद केला आणि त्याच वर्षी 28 सप्टेंबरला वादळाने पारेषण मनोरे पाडले. लाइनवर लागोपाठ दोष आले. इतक्या दोषांनंतर सुटायचं, असं काही पवनचक्क्यांच्या सेटिंगमध्ये लिहिलेलं होतं. त्या सुटल्या आणि अख्खं राज्य काळोखात गेलं. त्यांनी सेटिंग बदलली, 2017 मध्ये हॉर्न्सडेलला 100 मेगावॅटची बॅटरी बसवली, पुढे चार सिंक्रोनस कंडेन्सरही. बॅटरी सेकंदाच्या अंशात धावून येते. आमच्या बॉयलरला तेवढ्यात बातमीसुद्धा पोचत नाही.

पण हॉर्न्सडेलची ती पहिली बॅटरी 129 मेगावॅट-तासांची होती. पूर्ण जोराने चालवली तर सव्वा तासात रिकामी. ढगाळ, वारा पडलेला आठवडा आला तर ती काय करणार? तिथे डोंगरावर पाणी चढवून ठेवणारी केंद्रं लागतात (वेल्समधलं डिनॉर्विग 1984 पासून हेच करतंय), लांबून वीज आणणाऱ्या वाहिन्या लागतात, मागणी पुढे-मागे सरकवावी लागते. आणि हे ऐकून निम्मे पत्रलेखक पुन्हा रागावतील, पण काही जुने संच काही वर्षं राखीव ठेवावे लागतात. तेही फुकट नाही. थंड पडलेला कोळशाचा संच पेटवून भारावर आणायला दिवसाचा मोठा भाग जातो. पडून राहिलेल्या बॉयलरच्या नळ्या गंजतात, आणि वर्षातून चार वेळा लागणाऱ्या कामासाठी जाणती माणसं टिकवणं नळ्या टिकवण्याहून अवघड.

प्रश्न : मग संच बंद करताना आधी काय करायचं?

आधी संच जिथे जोडलेला आहे त्या उपकेंद्राला वजन आणि व्होल्टेज दुसरीकडून मिळू लागलं पाहिजे. मग संच काही महिने विझवून ठेवा, पण मोडू नका. एक उन्हाळा, एक हिवाळा बघा. आणि सेटिंग तपासा, सगळ्यांची, अगदी लहानसहान जनरेटरचीसुद्धा.

9 ऑगस्ट 2019 ला ब्रिटनमध्ये एका लाइनवर आकाशातली वीज कोसळली. दोष क्षणात निघालाही, पण एक समुद्री पवन प्रकल्प आणि एक गॅस केंद्र सुटलं, आणि हळव्या सेटिंगमुळे शेकडो छोटी केंद्रंही. फ्रिक्वेन्सी 48.8 हर्ट्झवर आली आणि सुमारे 11 लाख ग्राहकांची वीज आपोआप तोडली गेली. पाऊण तासात सगळ्यांची परत आली. काही रेल्वेगाड्या मात्र वीज येऊनही रुळांवर तशाच उभ्या होत्या. फ्रिक्वेन्सी घसरल्यावर त्यांच्या सॉफ्टवेअरने स्वतःला कुलूप लावून घेतलं होतं, आणि ते उघडायला एकेका गाडीपाशी तंत्रज्ञ पोचावा लागला.