मुलगा मोबाइलवर दोन तास बसतो, अभ्यासाला दहा मिनिटं नाही. एडीएचडीत, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकारात, मेंदूत नेमकं काय होतं? स्कॅनमध्ये दिसतं का?

हा प्रश्न तुमचा आहे की घरच्यांनी तुमच्याकडून लिहून घेतलाय? कारण त्याचा पहिला भाग मी आमच्या वन्संकडून शब्दन्‌शब्द ऐकलाय.

दिवाळीला सगळे सासरी जमलो होतो. वन्सं प्राथमिक शाळेत शिक्षिका. माझा मुलगा तेव्हा चौथीत. त्याला सगळ्यांदेखत सतराचा पाढा म्हणायला उभं केलं. सतरा पंचे पंच्याऐंशीपर्यंत आला, तेवढ्यात गल्लीत लवंगी माळ लागली आणि हा खिडकीत. पाठीत धपाटा बसला, वर मला ऐकवलं, "मोबाइल दिला की कसा पुतळ्यासारखा बसतो बघ. शिस्त नाही. तुझेच लाड."

लाडांनी एडीएचडी होत नाही. या मुलांकडे लक्ष असतं, ते हवं तिथे वळवून धरून ठेवता येत नाही. हे काम कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचं आणि त्याला जोडलेल्या, आत खोल असलेल्या स्ट्रायटमचं. तिथला कारभार डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनांवर चालतो. गेममध्ये क्षणाक्षणाला बक्षीस, पाढ्याचं बक्षीस थेट परीक्षेत. इतक्या लांबच्या बक्षिसासाठी हा मेंदू सहजी हलत नाही. मेथिलफेनिडेट हे एडीएचडीवरचं औषध डोपामिन परत शोषलं जाण्याची वाट अडवतं. ते उत्तेजक आहे. "पोराला गुंगी देते" हेही ऐकून झालंय माझं.

२००७ साली अमेरिकेतल्या एनआयएमएच या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी मुलांचे एमआरआय तपासले. कॉर्टेक्सचा, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराचा, निम्मा भाग कमाल जाडीला पोचण्याचं वय इतर मुलांत साधारण साडेसात, एडीएचडी असलेल्यांत साडेदहा. सगळ्यात जास्त उशीर प्रीफ्रंटल भागात. हालचालींचा भाग मात्र उलट थोडा लवकर तयार. इंजिन आधी, ब्रेक मागाहून.

तरी स्कॅनवर पैसे घालवू नका. हे फरक सरासरीचे आहेत, एका मुलाच्या फिल्मवरून निदान होत नाही. घरी आणि शाळेत, दोन्हीकडे, किमान सहा महिने लक्षणं आहेत का आणि ती बाराव्या वर्षाआधी सुरू झाली का, हे बालमानसोपचारतज्ज्ञ विचारतात. आधी कान, डोळे, झोप तपासून घ्या. प्रत्येक चुळबुळ्या पोराला एडीएचडी नसतो. औषधाने भूक मरते, आमच्याकडे डबा तसाच परत यायचा.

आणि कुणी लाडांवर आलंच, तर जुळ्यांच्या अभ्यासांतला आकडा तोंडावर फेका: आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७४ टक्के. मी फेकला. सासूबाई लगेच म्हणाल्या, "हाही दर पावसाळ्यात छत्री हरवून यायचा." हा म्हणजे माझा नवरा, वन्संचा सख्खा भाऊ. तो आकडा लोकसमूहातल्या फरकांचा असतो, एका मुलाला लावायचा नसतो, हे मला माहीत आहे. वन्संना सांगितलेलं नाही.