घरीच शिकणाऱ्या मुलीला इंजिनिअरिंगची सीईटी देता येईल का? तयारी कशी करावी?

हो, नक्की देता येते. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेच्या मंडळातून दहावी-बारावी करा. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स धरून पाच विषय घ्याच, जेईईसाठीही ते लागतात. प्रॅक्टिकल्स अभ्यासकेंद्रावर होतात, ती चुकवू नका.

अभ्यासाचं म्हणाल तर घरी शिकलेल्या मुलांना विषय समजतो, पण घड्याळाची सवय नसते. माझा मुलगा एकेका गणिताच्या मागे तासभर लागायचा. सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात! आम्ही रोज सकाळी नऊला स्वयंपाकघरातला टायमर लावून, फोन बाहेर ठेवून पेपर सोडवून घेतला. पहिले दोन आठवडे तो रडकुंडीला आला, मग हात बसला. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नये.