कस्टमर चिडला म्हणून लाइनच सोडायची का?

ऐरोलीच्या ताई,

तुमचं पत्र मोठं होतं, बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. मुलगा दापोलीच्या कृषी विद्यापीठातून बीएस्सी हॉर्टिकल्चर झाला आणि नोकरी न बघता मित्रासोबत गार्डनची छोटी कामं घ्यायला लागला. एप्रिलमध्ये नेरूळला एका रो-हाउसच्या मागच्या जागेत लॉन, कडेने झाडं आणि चालायला फरश्या असं 38 हजारांचं काम केलं, त्यातले 20 मिळाले, 18 बाकी आहेत. महिन्याभरात भिंतीकडचं लॉन पिवळं पडलं, दोन अरेका पाम वाळले, नळाजवळ पाणी साचायला लागलं. घरमालक काकांनी बॅलन्स तर अडवलाच, वर सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकून 'या पोराला काम देऊ नका' लिहिलं आणि कन्झ्युमर कोर्टाची धमकी दिली. आता मुलगा फोन उचलत नाही, बाबा म्हणतायत बँकेची परीक्षा दे, आणि तुम्ही विचारताय की ही लाइन सोडायला सांगू का आणि मीच काकांना फोन करून माफी मागू का.

आधी फोनचं बघू, कारण माझ्या मते निम्मं भांडण तिथेच आहे. लॉन पिवळं पडलं याचा राग एक, आणि पैसे घेऊन गेलेला मुलगा फोन उचलत नाही याचा राग वेगळा, आणि दुसरा जास्त जोरात असतो. काकांना वाटतंय पोरगा पळाला. त्यामुळे आजच फोन करायचा आणि फक्त एवढंच बोलायचं, "काका, फोन घेतला नाही, चुकलं. उद्या सकाळी सातला येतो, आधी बघतो, मग बोलू." फोनवर कारणं द्यायची नाहीत, ग्रुपवर तर एक अक्षर लिहायचं नाही, तिथे उत्तर दिलं की पन्नास लोक पंच होतात.

गेल्यावर काकांना पूर्ण बोलू द्यायचं, त्यांच्यासोबत सगळी जागा फिरायची, आणि "तुम्ही पाणीच घातलं नसेल" हे वाक्य तोंडात आलं तरी गिळायचं, खरं असलं तरी. बोलून झालं की विचारून फोटो काढायचे आणि मग खाली बसून हात मातीत घालायचा. पिवळ्या लॉनचा कोपरा हलकेच उचलून बघायचा. जमिनीला धरून असेल तर मुळं खाली मातीत गेलीत, ते परत हिरवं व्हायची आशा आहे. चटईसारखं अख्खं वर आलं तर मुळं धरलीच नाहीत, म्हणजे पाणी कमी पडलं किंवा लावताना नीट दाबलं गेलं नाही. तिथेच खुरप्याने थोडं खणायचं, रो-हाउसच्या मागच्या जागांत वर चार बोटं लाल माती आणि खाली बांधकामाचं डेब्रिज हे काही नवीन नाही, त्यात कुठलं गवत जगणार. आणि ऊन. लॉनला रोजचं पाच-सहा तास थेट ऊन लागतं, भिंतीच्या सावलीत ते पिवळं पडणारच, मग वर कितीही युरिया टाका. सकाळी सातला सावली कळत नाही, म्हणून काकांनाच विचारायचं की भिंतीकडे ऊन किती ते किती असतं, किंवा दुपारी परत एक चक्कर मारायची.

आता चूक कोणाची. सावलीत लॉन लावलं ही मुलाची, गिऱ्हाईकाने हट्ट धरला तरी सांगायचं काम त्याचं होतं. तेवढी पट्टी काढून तिथे गोटे आणि सिंगोनियम किंवा स्पायडर प्लांट, खर्च त्याचा. नळाजवळ पाणी साचतंय म्हणजे उतार चुकला, तोही त्याचाच. ते पावसाच्या आत झालंच पाहिजे, लॉनचे तुकडे उचलायचे, माती भरून उतार गटाराकडे काढायचा, तेच तुकडे परत दाबून बसवायचे. जूनचा पहिला मोठा पाऊस पडला की त्या कोपऱ्याचं डबकं होईल आणि तेव्हा काकांचा दुसरा फोटो ग्रुपवर येईल. अरेकाचं मात्र मधलं प्रकरण आहे. तुम्हीच लिहिलंय की काका आठ दिवस गावी गेले होते आणि पाणी वॉचमनवर सोडलं होतं. पण नर्सरीच्या हिरव्या जाळीखाली वाढलेली झाडं एकदम एप्रिलच्या दुपारच्या उन्हात लावली तरी पानं करपतात, म्हणजे ठामपणे कोणालाच बोलता येणार नाही. घोडबंदर रोडच्या नर्सरीत दोन अरेका काही शेकड्यांत मिळतात, बॅलन्स 18 हजार अडकलाय, त्यावर वाद घालणं म्हणजे निव्वळ हट्ट. द्यावीत.

हे सगळं बघून झालं की घरी येऊन काकांना एक मेसेज, काय करणार, कुठल्या तारखेपर्यंत, आणि काम झाल्यावर बॅलन्स. घाबरून पहिल्या दहा मिनिटांत "पैसे परत देतो" म्हणायचं नाही, काम सुधारून देणं आणि पैसे परत देणं या वेगळ्या गोष्टी आहेत. काम झाल्यावर काकांनी दोन-तीन हजार कमी केले तर मी म्हणेन सोडावेत, पण हिशोब मिटला असं मेसेजवर लिहून घ्यायचं. आणि त्याच ग्रुपवर नवा फोटो टाकाल का असं काकांनाच विचारायचं, बरेच जण टाकतात.

कोर्टाचं म्हणाल तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पैसे देऊन घेतलेली सेवा येते, त्यामुळे काका जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतात, धमकी पोकळ नाही. पण फोटो, तारखा आणि सुधारून दिल्याचे मेसेज हातात असले की घाबरायचं कारण उरत नाही. उलट बॅलन्ससाठी मुलाला ग्राहक म्हणून तिथे जाता येणार नाही, तो इथे सेवा देणारा आहे.

पुढच्या कामाला मात्र तोंडी व्यवहार बंद. क्वोटेशनवर लॉन कुठल्या जातीचं, झाडं किती आणि किती फुटांची, किती दिवसांत मेलेलं झाड बदलून देणार आणि कुठल्या कारणाने नाही, हे लिहायचं. पेमेंट निम्मं आधी, उरलेल्यातला मोठा भाग काम संपताना, थोडंसं पंधरा दिवसांनी बघायला गेल्यावर, म्हणजे जाणं आपोआप होतं. आणि पाणी किती कधी घालायचं याचा एक कागद नळाजवळच्या भिंतीवर, मराठीत आणि हिंदीत, कारण पाणी शेवटी वॉचमन नाहीतर कामवाल्या मावशीच घालतात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची नोंदणी, सरकारी साइटवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका.

आता बँक. बाबांना सांगा, परीक्षा द्यायचीच तर साधी क्लार्कची कशाला, बँकांची भरती घेणाऱ्या आयबीपीएसच्या ॲग्रिकल्चर फील्ड ऑफिसरला हॉर्टिकल्चरची डिग्री चालते, वयाची अट 20 ते 30, म्हणजे घाई नाही. महापालिकांच्या उद्यान विभागातही पदं निघतात. पण हा निर्णय या महिन्यात घेऊ नका, तोंड लपवून सोडलेली लाइन आणि विचार करून सोडलेली लाइन यात फरक असतो. आधी नेरूळचं काम मार्गी लागू दे. त्यानंतर त्याला वाटलं की झाडं आवडतात पण माणसं झेपत नाहीत, तर तेही ठीक, नर्सरीत रोपं तयार करणं, नाहीतर सरकारी नोकरी, तिकडे जाऊ दे. आणि घरी येऊन उतार कसा काढला हे जेवताना सांगत बसला तर बाबांनी एक वर्ष गप्प बसावं.

राहिला तुमचा फोन. करू नका. आईने माफी मागितली की काकांच्या नजरेत तो कॉलेजातला पोरगा होतो, मग बॅलन्स राहिला बाजूला, पुढचं कामही शिकतोय म्हणून निम्म्या पैशात मागतील. अगदीच राहवत नसेल तर बाबांना रविवारी गाडीवरून लाल मातीच्या दोन गोण्या नेरूळला पोचवायला सांगा, पण गेटच्या बाहेरच थांबायचं.