पोलो जीटीला लोअरिंग स्प्रिंग: आधी शॉकअप बघा, मग ब्रँड

प्रश्न थोडक्यात असा: 2015 ची पोलो जीटी टीएसआय, घर कासारवडवलीला, ऑफिस महापेला, अधूनमधून लोणावळा. गाडी 35 मिमी खाली बसवणारे (लोअरिंग) स्प्रिंग टाकायचेत, तर आयबाख घ्यावेत, एच अँड आर की स्वस्तातले कोब्रा? या प्रश्नाला उत्तर देणाऱ्या सगळ्यांची ब्रँडवरून जुंपली आहे. माझ्या लेखी तो सगळ्यात शेवटी विचारायचा प्रश्न.

आधी त्या 35 चं बघू. युरोपातली कंपनी डब्यावर जो आकडा छापते तो तिकडच्या गाडीच्या मूळ उंचीवरून. आपली पोलो इथल्या रस्त्यांसाठी उंच करून विकली होती, कागदावर 165 मिमी ग्राउंड क्लिअरन्स. स्प्रिंग गाडीला स्वतःच्या उंचीवर आणून बसवतो, तुमची गाडी आधी किती उंच होती याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. त्यामुळे डब्यावरचे 35 इथे 35 च्या बरेच पुढे जाऊ शकतात. नुसते 35 धरले तरी 130 उरले. त्यात मागे तीन जण आणि डिकीत बॅगा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे स्पीडब्रेकर 10 सेंमी उंच आणि 3.7 मीटर रुंद हवा, म्हणजे 25 च्या वेगाने आरामात ओलांडता येतो. घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवर आणि सोसायट्यांच्या गेटवर असा एक दाखवा, चहा माझ्याकडून.

पण पोट घासणं ही किरकोळ गोष्ट. खरं दुखणं शॉकअपच्या प्रवासाचं, म्हणजे त्याला दबायला मिळणाऱ्या अंतराचं आहे. समजा बंप स्टॉपला (शॉकअप पूर्ण दबू नये म्हणून लावलेल्या रबरी ठोकळ्याला) टेकेपर्यंत आज तुमच्याकडे 70 मिमी आहेत. गाडी 35 ने खाली आली की उरले निम्मे. तोच खड्डा निम्म्या प्रवासात पचवायचा तर स्प्रिंग चौपट कडक लागेल. रोजच्या वापराचा कुठलाच स्प्रिंग एवढा कडक नसतो, मग उरलेला मार बंप स्टॉप खातो, त्यानंतर टॉप माउंट (शॉकअपचं वरचं टोक गाडीला जोडणारा रबरी भाग) आणि तुमची कंबर. गायमुखच्या घाटात वळणात असताना पुढचं बाहेरचं चाक स्टॉपवर बसलं, की तेवढा कोपरा एकदम कडक होतो आणि गाडी नाक बाहेर काढते, म्हणजे स्टिअरिंग फिरवूनही पुरेशी वळत नाही. लोक म्हणतात टायर खराब आहेत.

हे घरबसल्या तपासता येतं. पुढच्या शॉकअपचं डस्ट कव्हर वर सरकवा आणि चकचकीत रॉडवर बारीक केबल टाय घट्ट बांधा, खाली शॉकअपच्या नळीला टेकवून. नेहमीच्या माणसांसकट नेहमीचा रस्ता फिरून या. नळी वर येताना टायला ढकलत नेते, ती परत खाली गेली तरी टाय तिथेच राहतो. टाय आणि बंप स्टॉप यांच्यात किती मिमी शिल्लक आहेत ते मोजा. गाडी आजच स्टॉपपर्यंत जात असेल तर नवे स्प्रिंग हा उपाय नाहीच.

तुमचे शॉकअप मूळचेच असतील तर ते आता थकलेले असणार. कडक स्प्रिंगची उसळी त्यांना आवरत नाही आणि ऐरोलीच्या पुलाच्या सांध्यांवर गाडी नाचत राहते. लोअर केलेल्या गाडीसाठी आखूड शॉकअप मिळतात, उदाहरणार्थ बिलस्टाइन बी8 (बी6 मूळ लांबीचे असतात, गल्लत करू नका). टॉप माउंट आणि बेअरिंगही त्याच वेळी बदला, मजुरी तीच पडते.

माझा सल्ला: चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत आज स्वतः मोजा आणि त्यापेक्षा 20-25 मिमी खाली बसवेल असाच प्रोग्रेसिव्ह (दाबावा तसा कडक होत जाणारा) स्प्रिंग शोधा. आयबाखच्या प्रो-किटसारखे सौम्य सेट याच जातीचे. त्यांच्याच, पण गाडी जास्त खाली आणणाऱ्या स्पोर्टलाइनच्या वाटेला जाऊ नका. आणखी एक गैरसमज: जितकी खाली तितका बॉडी रोल (वळणात गाडीचं कलणं) कमी. पोलोच्या पुढच्या चाकांना असतं तशा मॅकफर्सन सस्पेन्शनमध्ये गाडी फार खाली आणली की रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) तिच्यापेक्षाही जास्त खाली जातो, चाकाला खालून धरणारे लोअर आर्म चाकाकडे वर चढलेले दिसतात आणि स्प्रिंगने कमावलेलं बरंचसं तिथे हातचं जातं. मूळ स्प्रिंग कापून देणारा मेकॅनिक भेटला तर चावी परत घ्या. चाक लटकल्यावर कापलेला स्प्रिंग जागेवरून निसटू शकतो.

काही शे किलोमीटरमध्ये स्प्रिंग बसले की अलाइनमेंट करा. टायर आतून खाल्ले की सगळे कॅम्बरच्या (समोरून दिसणाऱ्या चाकाच्या तिरकेपणाच्या) नावाने बोटं मोडतात, बहुतेक वेळा चोर असतो टो (वरून पाहिल्यास चाक आत-बाहेर वळलेलं असणं). मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा) असल्यामुळे तिथे साध्या मशीनवर काही फिरवता येत नाही.

आरसीवर ग्राउंड क्लिअरन्स लिहिलेला नसतो हे खरं, पण मोटार वाहन कायद्याचं कलम 52 बदलांबाबतचंच आहे आणि क्लेमच्या वेळी सर्व्हेअर खाली वाकून बघतो. इन्शुरन्स कंपनीला आधी विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या.