गावात राहणाऱ्या, कुणाशीच बोलेनाशा झालेल्या काकांना गावातच आधार कुठे मिळेल?

काका शहरात यायला तयार नाहीत असं तुम्ही लिहिलंय. मग गावातल्या आशाताईंना, म्हणजे आरोग्य खात्याच्या आशा सेविकेला सांगा, आजच.

आमच्या बीडकडच्या गावात थोरल्या भावाचं हेच झालं होतं. काढून टाकलेलं सोयाबीन परतीच्या पावसात भिजलं, सावकाराचा तगादा सुरू झाला आणि दादा रात्र रात्र ओट्यावर बसून राहू लागला. हरिपाठाला पखवाज वाजवणारा माणूस देवळाकडं फिरकेना. चुलते म्हणाले, "घरातलं घरात ठेवा. पोरीची सोयरीक चाललीय, बोभाटा नको." लसीकरणाची यादी घेऊन आलेल्या आशाताईंनी मात्र दादाकडं बघूनच ओळखलं. झोप लागते का, जेवण जातं का, जगणं नकोसं वाटतं का, सरळ विचारलं. दादा ढसाढसा रडला. मराठवाड्यातल्या आठ आणि विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत २०१५ साली शेतकऱ्यांच्या आत्महत्या रोखण्यासाठी सरकारचा प्रेरणा प्रकल्प सुरू झाला, तेव्हापासून आशांना घरोघर हे विचारायला शिकवलंय.

ग्रामीण रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर कोणत्या वारी येतात, तेही त्यांनीच सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या. पण गोळ्यांइतकंच काम भजनी मंडळानं केलं, हे मी छातीठोकपणे सांगतो. दादा आजारी आहे हे मी स्वतः देवळात जाऊन सांगितलं. चुलत्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मंडळातले एक टाळकरी रोज सांजच्याला दारात यायचे. उपदेश नाही, चौकशी नाही. "चल, पखवाजाला माणूस नाही," एवढंच. दादा कधी जायचा, कधी तोंड फिरवून झोपायचा. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

मी घराची इज्जत वेशीवर टांगली, असं चुलते आजही म्हणतात. पुतणीची सोयरीक जुळली, आणि सोयऱ्यांना आम्ही सगळं आधीच सांगितलं होतं.

तरी भजन म्हणजे औषध नव्हे. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू देऊ नका, देवरुषाच्या नादी तर लागूच नका. सगळ्याच आशाताईंना इतका वेळ मिळत नाही. कामाचा बोजा मोठा, मोबदला तुटपुंजा. तसं असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावा. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. काका बोलणार नसतील तर तुम्ही बोला. त्यांनी मरणाची भाषा केली तर डॉक्टरांच्या वाराची वाट न बघता थेट जिल्हा रुग्णालयात न्या, एकटं सोडू नका, आणि फवारणीच्या औषधाचे डबे घरातून नि शेतातल्या खोपीतून आधी हलवा.